कागदाच्या घराचे दोन मालक

आमच्या दुकानात घरं मिळतात. दोन मजली, गच्चीसकट, बांबूच्या काड्यांवर रंगीत कागद चिकटवलेली. आत कागदाचा टीव्ही, कागदाची मोलकरीण, दारात कागदाची मोटार. गिऱ्हाईक हे घर राहायला नेत नाही, जाळायला नेतं. राहायला त्याचे वारलेले आईवडील. सोबत मालकीपत्रही जळतं, मयताच्या नावाचं. नाहीतर वर एखादं बेवारस भूत आत घुसून बसतं, आणि त्याला बाहेर कसं काढायचं हे अजून कोणी परत येऊन सांगितलेलं नाही.

तैवानमधल्या तैनान शहरात अशी घरं माझे बाबा बांधायचे. वसंतात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्याआधी पुरं केलेलं शेवटचं घर दुकानात उभं होतं. ते आम्ही एकाच दिवशी दोघांना विकलं.

हे एकट्यादुकट्याचं काम नाही. आई गल्ल्यावर विकते, मी वेबसाइटवर, आणि माल दोन्हीकडे तोच. संध्याकाळी माशाची पेज खाताना आई दिवसभरात काय गेलं ते सांगायची आणि मी ते वेबसाइटवरून कमी करायचो. आमचा सगळा कारभार पेजेवर चालायचा. मी तिला कितीदा तरी म्हटलं होतं, की एक मशीन मिळतं. गल्ल्यावर वस्तू गेली की वेबसाइटवरूनही त्याच क्षणी जाते, काही संपत आलं तर आधी सांगतं.

"मला सगळं तोंडपाठ आहे," आई म्हणायची. "मशीनला पेज कोण वाढणार?"

त्या दिवशी दुपारी तिने घर श्यू नावाच्या माणसाला विकलं. त्याचे वडील वारले होते, बस चालवायचे. पेजेला अवकाश होता, तेवढ्यात ज्येन नावाच्या बाईंनी तेच घर वेबसाइटवर आपल्या वारलेल्या आईसाठी घेतलं. जेवताना मी आईने विकलेलं घर कमी केलं आणि वेबसाइटने शिल्लक दाखवली: उणे एक. उणे एक घर. ते नेमकं कुठे असतं याचा मी पेज गार होईपर्यंत विचार केला.

पंचांगात त्या पंधरवड्यात चांगला दिवस एकच, परवाचा. दोन्ही विधी त्याच सकाळी, त्याच देवळामागे, वू गुरुजींच्याच हातून. मी गावोगावच्या कारागिरांना फोन लावले. चांगला दिवस त्यांच्याही पंचांगात होता, सगळे कामात गळ्यापर्यंत बुडालेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आईने शेवयांच्या खोक्यांचं एक घर उभं केलं. ते आधी डावीकडे कललं, मग बसलं, मग आडवं झालं. बाबा खुर्चीतून बघत होते. त्यांची मान हलत होती, पण ती वसंतापासून हलतेच.

वू गुरुजींना कळलंच. आमचं सगळं गिऱ्हाईक त्यांच्याकडून येतं. ते येऊन शांतपणे म्हणाले, की ज्या मयताला घर मिळणार नाही तो गुरुजींच्याच स्वप्नात येऊन जाब विचारील, आणि मग त्यांना दुसरं दुकान बघावं लागेल. म्हणजे आम्हाला शटर ओढावं लागेल. आईने हातातला खळीचा वाडगा खाली ठेवला. तिने दुकान जाईल याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती सारखं एकच म्हणत होती, की कोणाची तरी म्हातारी उघड्यावर राहील.

दुपारी दोघंही घर न्यायला एकदमच आले. मी पैसे परत देऊ केले. त्यांना पैसे नको होते. आई दोघांसमोर वाकली आणि म्हणाली, "दोघांना एकाच घरात राहू द्या. मी पाया पडते."

ज्येनबाईंचा चेहरा लाल झाला. "माझी आई परक्या पुरुषाबरोबर एका छपराखाली? वर लोक काय म्हणतील?"

"माझे बाबा एवढे घोरायचे की मीच घर सोडलं," श्यू म्हणाला. "तुमच्या आईला काय, कानात बोळे घालता येतील. अब्रू आमची जाईल."

गुरुजींनी पिशवीतून कौल लावायचे दोन लाकडी तुकडे काढले, चंद्रकोरीसारखे. राहायचंय त्यांनाच विचारू, म्हणाले. बसवाल्या आजोबांनी पहिल्याच कौलाला होकार दिला; एक तुकडा उताणा, एक पालथा. आजींचे दोन्ही पालथे पडले. नाही. मधे भिंत घालू, दोन दारं करू, दोन मालकीपत्रं लिहू, असं सांगून पुन्हा टाकले. नाही. मोलकरीण तुमची एकटीची. नाही. वरचा मजला अख्खा तुमचा. तुकडे दोन्ही उताणे पडले. म्हणजे म्हातारी हसते आहे. आई मटकन खाली बसली आणि तोंडावर पदरासारखा एप्रन धरून रडू लागली.

तेव्हा बाबा बोलले. वसंतापासून त्यांच्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता.

"गुडघे," ते म्हणाले.

ज्येनबाई हळूच म्हणाल्या, की शेवटची वर्षं आई जिना चढूच शकत नव्हती.

बाबांनी डाव्या हाताने कात्री मागितली. मी पुठ्ठा धरला, आईने खळ लावली, आणि घराच्या बाजूला एक लिफ्ट उभी राहिली. वाकडी होती. वरचं बटण त्यांनी स्वतः रंगवलं. गुरुजींनी कौल टाकला. एक उताणा, एक पालथा.

ठरल्या सकाळी घर जळलं. लिफ्ट सगळ्यात आधी गेली.

त्यानंतर मशीन आलं. बाबा डाव्या हाताने घरं बांधू लागले. एकेका घराला फार वेळ लागतो आणि सगळी किंचित कललेली असतात. एक झालं की बाबा बोट वर करतात, मी मशीनमध्ये 'एक' घालतो. पहिलं गेलं तेव्हा गिऱ्हाईक घर उचलत होतं आणि वेबसाइटवर 'संपलं' असं आलंही होतं. आई माझ्या फोनकडे बघत राहिली.

"आता दोनदा विकलं जाणारच नाही?"

"नाही."

"आणि वर? तिथे कळलं का?"

"तेवढं जोडलेलं नाही, आई."

तिने खणातून स्वतःचे कौलाचे तुकडे काढले आणि आजींना विचारलं, की नीट चाललंय ना. दोन्ही उताणे पडले. तेव्हापासून आई गल्ल्यावर बसून एकाच काळजीत असते, म्हातारी कशाला हसली असेल.