नाव गेलेली साल

मी एक जुनी पिशवी आहे, केवड्याच्या पातींची. आजीने मला विणले तेव्हा पातींच्या काट्यांनी तिची बोटे रक्ताळली होती. माझ्या काठावरचा तांबूस पट्टा मात्र झाडाच्या मुळांपासून काढलेल्या रंगाचा आहे.

माझे काम एकच. सायकड या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या बिया पोटात घेऊन पाच दिवस ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बसायचे. त्या बिया विषारी असतात. पाणी विष घेऊन जाते, मग त्यांची भाकरी होते. माझ्यातल्या बियांनी कधी कुणाचे पोट दुखले नाही, म्हणून बायका मला मागून नेत.

मित्रांनो, त्या बीला बाहेर टणक टरफल असते आणि आत, गराला चिकटलेली, पातळ साल. साल राहिली तर पाणी गरात शिरत नाही. दोन्हींसाठी आमच्याकडे दोन वेगळे शब्द होते.

मग आजीची धाकटी बहीण वारली. आमच्याकडे मेलेल्या माणसाचे नाव घेत नाहीत, त्या नावासारखा शब्दही उच्चारत नाहीत. तिचे नाव आतल्या सालीच्या शब्दासारखे होते. तो शब्द गेला. बायका दोन्हींना टरफलच म्हणू लागल्या. त्यांचे काही अडले नाही. त्यांच्या बोटांना ठाऊक होते.

काही महिन्यांनी बहिणीच्या विधीसाठी भाकरी करायची होती. आजीची नजर गेली होती, म्हणून काम नातीकडे, मेबेलकडे आले. ती शहरात वाढली होती.

"टरफल काढलंस ना गं?" आजीने विचारले.

"काढलं की. एक नख धड राहिलं नाही माझं."

"शहरात नुसते बटाटेच सोललेस वाटतं."

मेबेल हसली आणि तिने बिया माझ्यात भरल्या. प्रत्येक बीवर साल तशीच होती. मला ते कळत होते. पाच दिवस मी पाण्यात बसले, पण ते सांगायला मला तोंड नव्हते.

विष उरले नाही ना हे बघायला भाकरी सर्वांत वृद्ध बाई पहिल्यांदा चाखते, बाकीचे दुसऱ्या दिवशी खातात.

"मी खाते आधी, आजी. केली मी आहे," मेबेल म्हणाली.

"तू पोरं सांभाळ. माझे दात तरी कितीसे उरलेत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी गेली. म्हणूनच तिचे नाव मी तुम्हाला सांगितलेले नाही.

उरलेल्या भाकऱ्या जमिनीत पुरून टाकल्या. आजीची जाऊ रोझी हिने एक बी फोडून नखाने साल उचलली. "हे काढायचं होतं, पोरी."

"याला म्हणतात काय?"

रोझीने ती साल तिच्या तळहातावर ठेवली.

"मग मला कळायचं कसं, सांग ना."

मेबेलने मूठ मिटली आणि ती साल घरी नेली.

आता मला कुणी पाण्यात नेत नाही. नवी पिशवी आहे. मेबेल मुलींना शिकवते, "टरफल काढलंत? आता चिकटी काढा." हा शब्द तिचाच.

मित्रांनो, दुःखापायी एखादा शब्द मिटवावा लागला तर मिटवा. पण तो ज्या वस्तूचा होता, तिला त्याच दिवशी दुसरा शब्द द्या, आणि घरात जो सर्वांत नवखा असेल त्याला तो आधी सांगा.