आरोपीच्या बाजूचा बाक

व्हर्ना लायकिन्सचा मुलगा जॅरड गेला, त्याला सात महिने झाले होते. त्याच्या मरणापायी आज त्याच्या मैत्रिणीला, मिस्टी रॅटलिफला, शिक्षा सुनावणार होते.

घडलं होतं एवढंच: मिस्टीने नशेची पुडी आणली आणि दोघांनी वाटून घेतली. जॅरड उठला नाही. अँब्युलन्सला फोन मिस्टीनेच केला आणि ती येईपर्यंत त्याची छाती दाबत बसलीही तीच. पोलिसाने विचारलं तेव्हा तिने काही न लपवता सगळं सांगितलं. त्या सांगण्यावरच तिच्यावर मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा लागला. पुडी औषध कंपनीत बनून आली असती, तर कंपनीने दंड भरून हात झटकले असते. पोरीला झटकायला हातच मोकळे नव्हते.

सरकारी वकिलाच्या कचेरीतल्या प्रुइटबाई कोर्टाच्या कॉरिडॉरमध्येच भेटल्या. मेलेल्यांच्या नातेवाइकांना सांभाळणं हेच त्यांचं काम. त्यांनी टाईप केलेला कागद पुढे केला आणि जॅरडचा फोटो असलेला गोल बिल्ला व्हर्नाच्या कोटाला लावायला घेतला.

"कागदात सगळं तुमच्या मनातलंच आहे हो. तुम्ही फक्त वाचायचं. पंधरा वर्षं मागायची आहेत."

"माझ्या मनातलं तुम्हाला कुणी सांगितलं?" व्हर्ना म्हणाली. "आणि हा फोटो मिस्टीने काढलाय. किडके दात दिसतात म्हणून तो इतर कुणासमोर हसायचाच नाही."

प्रुइटबाईंनी बिल्ला गुपचूप पर्समध्ये टाकला.

आत नेहमीची वाटणी होती. मेलेल्याची माणसं सरकारी वकिलामागे, आरोपीची दुसऱ्या बाजूला. चर्चमधले सगळे व्हर्नासाठी जागा धरून बसले होते. मिस्टीमागचे बाक रिकामे होते. व्हर्ना सरळ तिकडे गेली आणि पहिल्या बाकावर बसली.

"अहो व्हर्नाबाई, तुमची बाजू इकडे!" प्रुइटबाई कुजबुजल्या.

"मला दिसतंय. आंधळी झाले नाही अजून."

नारिंगी कपड्यांतल्या मिस्टीने मान वळवली. "काकू, इथे नका बसू. लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. मयतीनंतर घरी पेपरोनी भरलेले पाव आणून देतानाही माझ्या पोराला नावं ठेवतच होते की."

बोलण्यासाठी व्हर्नाचं नाव पुकारलं, तेव्हा तिने प्रुइटबाईंचा कागद टेबलावर पालथा ठेवला.

"जजसाहेब, या पोरीला पंधरा वर्षं कोंडून माझा जॅरड परत येणार नाही. तिला उपचार हवेत, ते द्या. आणि आणखी एक सांगायचंय. जाण्याआधी महिनाभर जॅरड घरात पुडीवाचून तडफडत होता. उपचार केंद्रात जागा मिळायला सहा आठवडे होते. मला बघवेना. मी त्याला गाडीत घातलं, मिस्टीने पुडी आणली त्याच घरी नेलं, पुडी विकत घेतली आणि माझ्या हातांनी त्याला दिली. त्या दिवशी तो उठला, एवढाच काय तो फरक—"

"बाई, थांबा!" सरकारी वकील ताडकन उठले. "याच्यापुढे एक शब्द बोलू नका. आधी वकील गाठा. तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो!"

व्हर्ना त्यांच्याकडे वळली. आता तिचा आवाज चढला.

"मला बरं थांबवता! या पोरीने माझ्या पोराच्या अंगावरचा हात न काढता पोलिसाला हेच सांगितलं, तेव्हा तुमच्यातल्या एकाने तरी तिला थांब म्हटलं?"

वकील बसले. जजनी कागद चाळले. मग पंधराऐवजी पाच वर्षं सुनावली, वर तुरुंगात उपचारांची शिफारस केली. चर्चवाल्यांच्या बाकांवरून हुश्श ऐकू आलं. प्रुइटबाई डोळे पुसत व्हर्नाच्या कानाशी आल्या. "बघा, देव पावला. किती कमी केली!"

व्हर्ना बसली नव्हतीच.

"पाचसुद्धा जास्त आहेत, जजसाहेब!"

"खाली बसा, बाई."

"पाचसुद्धा जास्त आहेत!"

शेरीफच्या शिपायाने दंड धरून तिला दाराकडे नेलं. दार बंद झाल्यावरही ती बाहेरून तेच ओरडत होती, आणि आत मिस्टी मान वर करून ऐकत होती.