चार वर्षे मी बेल्जियम होते

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. रंग करडा, अंगावर निळी वेल, तोंड रुंद. माझा जन्म वाटलेली मोहरी ठेवण्यासाठी झाला आणि त्यापलीकडे माझी कधी काही इच्छा नव्हती. तरीही आयुष्यातली चार वर्षे मी बेल्जियम हा देश होते. हे मी गर्वाने सांगत नाही. सुरुवातीला मात्र गर्व होता, तो लपवत नाही.

आमची माती जर्मनीतल्या वेस्टरवाल्डच्या डोंगरातली. भट्टी लालबुंद झाली की कुंभार वरून मीठ टाकतो आणि त्या मिठाने आमच्या अंगावर कायमची तकाकी चढते. म्हणजे मी जन्मापासूनच थोडी खारट आहे. जत्रेत मला वाल्बुर्गाबाई हेन्सलर यांनी उचलले. लान नदीकाठच्या गावात त्यांची 'काळं हरीण' नावाची खानावळ होती. नवरा वारलेला. एकुलता एक मुलगा किलियान मागच्या अंगणात बिअर गाळायचा. तो येता-जाता सॉसेजचा तुकडा थेट माझ्यात बुडवायचा आणि बाई त्याच्या बोटांवर चमचा मारायच्या. माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ कोणता असे कोणी विचारले तर मी त्या चमच्याचा आवाज सांगेन.

खानावळीत खिडकीजवळ एक गोल टेबल राखीव होते. तिकडे प्रत्येक खानावळीत असे एक टेबल असते. माणसे ठरलेली, खुर्च्या ठरलेल्या, पेलेसुद्धा ठरलेले. रविवारी चर्च सुटले की मंडळी तिथे बसत. त्या टेबलावर त्यांनी जे जिथे मांडले ते तिथेच राहायचे. मालकिणीनेसुद्धा विचारल्याशिवाय हलवायचे नाही. सम्राट कैसरचे सिंहासन एखादे वेळी हलेल, पण त्या टेबलावरची राखदाणी हलणार नाही, असा मंडळींचा दरारा होता.

मंडळी तीन. विझेनकाम्प मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे आणि शाळा सुटल्यावरही थांबायचे नाहीत. क्रुमबाखसाहेबांचा तारेचा कारखाना होता. आणि डिलमनसाहेब जिल्हा कचेरीत होते. लढाई सुरू झाल्यावर त्यांचे वजन फार वाढले. अमुक माणसावाचून गावाचे काम अडते, एवढे त्यांनी वर कळवले की तो माणूस सैन्यातून सुटून घरी येई.

एकोणीसशे चौदा सालच्या ऑगस्टमध्ये मास्तर मंडळींना लढाई समजावून सांगत होते.

"ही मिठाची डबी म्हणजे इंग्लंड," मास्तर म्हणाले.

"मग मध्ये समुद्र नको?" असे म्हणत क्रुमबाखसाहेबांनी टेबलावर थोडी बिअर सांडली.

चीजचा तुकडा फ्रान्स झाला. रशियासाठी एक भलामोठा पांढरा मुळा आडवा ठेवला. मग मास्तर इकडे तिकडे बघू लागले. सॉसेजशेजारी मी होते. त्यांनी मला कानाला धरून उचलले आणि चीज आणि समुद्र यांच्या मधोमध ठेवले.

"हे बेल्जियम. इथून जायचं."

त्यांनी आगपेटी उघडली आणि जर्मन सैन्य म्हणून काड्या माझ्या मोहरीत रोवल्या. गुलाची डोकी वर, पाय मोहरीत. सगळ्यांनी पेले उंचावले. आतापर्यंत मला कोणी पाहुणीसुद्धा मानले नव्हते, आणि आता मी एकदम देश. किलियानही त्याच आठवड्यात लढाईवर गेला. मास्तर त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "सफरचंदं उतरवायच्या आत परत येशील."

सफरचंदे उतरली, पण किलियान आला नाही. टेबलावरचे राज्य मात्र वाढत गेले. क्रुमबाखसाहेबांनी चीजचा एक कोपरा कापला. "हा मला लागेल. यात लोखंड आहे," असे म्हणून त्यांनी तो खाल्ला. मास्तर दर रविवारी मुळ्याच्या चकत्या पाडत. ही पोलंड, ही कुरलँड, इथे आपले शेतकरी वसवू. चकतीला मीठ लावायचे तर इंग्लंड उचलावे लागे. तेव्हा क्षणभर सगळे गंभीर होत. पुढे बाजारात चीज मिळेना, तेव्हा फ्रान्सच्या जागी बाटलीचे बूच आले. मी मात्र होते तिथेच होते.

"अहो, पण मोहरी वाढू कशात?" बाईंनी एकदा विचारले.

"दुसरं काहीतरी बघा, बाई," क्रुमबाखसाहेब म्हणाले. "हे तारण आहे. तह करताना हातात काहीतरी असावं लागतं."

"मोहरी?"

"बेल्जियम."

वर्ष गेले, दुसरे निम्मे गेले. बाईंनी डिलमनसाहेबांना गाठले. बिअरची भट्टी बंद पडली आहे, किलियानवाचून खानावळ चालत नाही, तेवढे वर कळवा, अशी त्यांची विनंती होती. डिलमनसाहेब वाईट माणूस नव्हते. ते एकटे असते तर कदाचित त्यांनी कळवलेही असते. पण टेबलावर ते एकटे कधीच नसत. त्यांनी दोघांकडे बघितले आणि माझ्या काठावर हात ठेवला.

"बेल्जियम पक्कं झालं की दुसऱ्या दिवशी किलियान घरी. माझा शब्द आहे. वर त्याला बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये जमीन मिळेल ती निराळी. फक्त ही बरणी हलू देऊ नका. तुमच्या मुलाचं येणं हिच्यावर आहे."

मित्रांनो, मी त्या शब्दावर विश्वास ठेवला. बाईंनीही ठेवला. रोज सकाळी टेबल पुसताना त्या माझ्याभोवतून फडके फिरवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "घट्ट बस गं." मी घट्ट बसले. आतली मोहरी वाळून दगड झाली, काड्या त्यात उभ्याच्या उभ्या अडकल्या. पुढच्या हिवाळ्यात गावाने गुरांचे सलगम खाऊन दिवस काढले आणि रशियाच्या जागीसुद्धा सलगम आला. पण मी हलले नाही. मला वाटायचे, मी किलियानसाठी घरची वाट धरून बसले आहे.

सतरा सालच्या उन्हाळ्यात किलियान सुट्टीवर आला. गाल बसलेले, कॉलर दोन बोटे सैल. रविवारी मंडळींनी त्याला मानाने आपल्या टेबलाजवळच्या बाकावर बसवले. बाईंनी उकडलेले बटाटे आणले. त्याने सवयीने माझ्याकडे हात केला.

"हात लावू नकोस, बाळ," मास्तर म्हणाले. "ते बेल्जियम आहे."

किलियानने माझ्याकडे पाहिले, मग काड्यांकडे. "मी तिथूनच येतोय, मास्तर. इतकं कोरडं नाहीये."

क्रुमबाखसाहेब हसले. "आणि लोक? आपलं राज्य मानवलं का त्यांना?"

"जे उरलेत ते आमच्याकडे बघत नाहीत." त्याने बटाट्याला मीठ लावले. "बर्लिनच्या संसदेत म्हणे ठराव झालाय. कोणाची जमीन नको, तह करा. खंदकात सगळे तेच बोलतात. बेल्जियम सोडतो, एवढं एक वाक्य कोणीतरी मोठ्यानं म्हणायचं. मग बोलणी तरी सुरू होतील."

"सोडतो?" परीक्षेत चुकीचे उत्तर ऐकावे तसा मास्तरांचा चेहरा झाला. "मग एवढी पोरं मेली ती कशासाठी?"

"मीही तेच विचारतोय, मास्तर."

बाई हातातले ताट तसेच धरून उभ्या होत्या. "डिलमनसाहेब, आता तरी कळवा. तो इथे आहे तोवर कळवा. पाणी घातलेली बिअर तुम्हालाच प्यावी लागतेय."

डिलमनसाहेब पेल्यात बघू लागले. "बाई, परवाच आम्ही तिघांनी सही करून बर्लिनला पाठवलंय की बेल्जियम सोडू नका. आणि आमच्याच टेबलावरचा मुलगा मी घरी बोलावला, तर गाव काय म्हणेल?"

"म्हणजे बेल्जियम धरून ठेवायला माझा मुलगा, आणि बरणी धरून ठेवायला तुम्ही तिघं."

बाईंनी ताट टेबलावर ठेवले.

"मग ही मी नेते आत," बाई म्हणाल्या. "सुटलं तुमचं बेल्जियम."

त्यांनी मला उचलले. त्याच क्षणी तिघांचे हात माझ्यावर पडले. मित्रांनो, तीन प्रतिष्ठित माणसे, एक विधवा आणि मध्ये मोहरीची बरणी. एवढी ओढाताण खऱ्या बेल्जियमचीही झाली नसेल, असे मला वाटले. ते चुकीचे होते, पण वाटले. शेवटी कट् असा आवाज आला आणि माझा कान तुटून मास्तरांच्या हातात राहिला. मी टेबलावर परत होते त्याच जागी बसले.

मास्तरांनी कान नीट निरखला. "हे अँटवर्प," असे म्हणून त्यांनी तो खिशात ठेवला.

"अँटवर्प माझ्याकडे पाहिजे," क्रुमबाखसाहेब म्हणाले. "बंदर आहे ते."

किलियान इतका हसला की त्याला ठसका लागला. बाईंनी त्याची पाठ चोळली. "राहू दे, आई," तो म्हणाला. "बटाटे गार होतायत." पुढच्या आठवड्यात तो परत गेला.

त्या दिवशी माझ्या मातीच्या डोक्यात उजेड पडला. मी घट्ट बसले म्हणून किलियान घरी येणार, असे मला सांगितले होते. खरे तर मी घट्ट बसले होते म्हणूनच तो परत जात होता. आणि हे त्या टेबलावर सगळ्यांत आधी कळायला हवे होते ते मलाच. सगळे माझ्याच अंगावर तर चालले होते.

पुढच्या वसंतात रशियाने तहावर सही केली. गावात घंटा वाजल्या. क्रुमबाखसाहेबांनी घरच्या बागेतला खरा मुळा आणला आणि तिघांनी मिळून रशिया पाल्यासकट खाल्ला. डिलमनसाहेबांना रात्रभर ढेकर येत होते असे ऐकले.

सप्टेंबरच्या अखेरीस पाद्री आले. आठवड्याच्या मधल्या वारी पाद्री दारात दिसले की घरातल्यांना विचारावे लागत नाही. किलियान फ्लँडर्समध्ये पडला होता. डिलमनसाहेबांनी कबूल केलेली जमीन त्याला मिळाली, अंगापुरती. बाईंनी त्या दिवशी खानावळ उघडी ठेवली. बंद करून आत काय करायचे, हे त्यांना सुचले नसावे.

नोव्हेंबरात सगळे संपले. कैसर हॉलंडला निघून गेला. पहिल्या रविवारी मंडळी आली नाहीत. दुसऱ्या रविवारी चर्च सुटल्यावर आली, आपापल्या खुर्चीवर बसली आणि बिअर मागवली. मी मधोमध होते. एकही जण माझ्याकडे बघेना. मग क्रुमबाखसाहेबांनी एका बोटाने मला टेबलाच्या कडेपर्यंत सरकवले.

"बाई, ही तुमची बरणी इथे कशी राहिली?"

मला वाटले ते आता हसतील. ते हसले नाहीत.

"उद्या कोणी बाहेरचे अधिकारी आले आणि विचारलं तर लक्षात ठेवा," मास्तर दोघांना म्हणाले, "बेल्जियम आपल्याला कधी नकोच होतं. आपण फक्त स्वतःचा बचाव केला."

"अर्थात," क्रुमबाखसाहेब म्हणाले. "कोण मागत होतं?"

बाईंनी मला उचलले. यावेळी कोणी हात घातला नाही. स्वयंपाकघरात त्यांनी गरम पाण्याने आतली मोहरी भिजवली आणि एकेक काडी उपसून खिडकीत वाळत ठेवली. त्यातली किलियान कोणती हे कोणालाच माहीत नव्हते. म्हणून त्यांनी एकही टाकली नाही. मग घरात उरलेले मोहरीचे मूठभर दाणे वाटले, मला भरले आणि वाफाळत्या बटाट्यांबरोबर बाहेर आणून टेबलावर ठेवले.

"खाण्याआधी एक सांगा," बाई म्हणाल्या. "हे काय आहे?"

"म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"मी अडाणी बाई. तुम्ही सांगा. हे काय आहे?"

"मोहरी," क्रुमबाखसाहेब लगेच म्हणाले.

"मोहरीची बरणी आहे, बाई," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज शिकवतानाचाच होता.

डिलमनसाहेबांनी पेला खाली ठेवला. बाई थांबल्या. ताटातली वाफ कमी होत गेली.

"मोहरी," ते शेवटी म्हणाले.

"हे गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात म्हणायचं होतं," बाई म्हणाल्या. "तेव्हा तो इथे बसला होता." आणि त्या आत गेल्या.

डिलमनसाहेब उठले आणि टोपी न घेताच बाहेर पडले. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने क्रुमबाखसाहेबांनी माझ्यात चमचा घातला. त्यांना भूक लागली होती.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी 'माझा कोणावर राग नाही' असे म्हणायची पद्धत आहे. माझा आहे. मला फुटण्याची भीती कधी वाटली नाही, आम्ही मातीचेच असतो. पण ज्यांनी मला देश म्हटले, शपथा माझ्यावर हात ठेवून घेतल्या, त्यांनीच मला ओळख दाखवली नाही, हे अजून सलते. म्हणून एक मागणे आहे. बरणी धुवावी, कोरडी करावी, तिच्यात मोहरी भरावी आणि झाकण लावावे. तिला आणखी काही बनवू नये. आणि जेवायला बसल्यावर कोणी मोठा माणूस भांडी सरकवून तुम्हाला नवे राज्य दाखवू लागला, तर माना डोलावण्याआधी त्याला एवढेच विचारा की या काड्यांमध्ये तुमच्या घरातली कोणती.