कोऱ्या जागेचा आवाज

संहिताला जन्मापासून दिसत नव्हतं. निपाणीहून बेंगळुरूला येऊन प्रोग्रामरच्या नोकरीला लागल्याला तिला दोन वर्षं झाली होती. स्क्रीनवरची अक्षरं लॅपटॉप तिला हेडफोनमधून वाचून दाखवायचा. काम चोख होतं, पण ग्राहकाकडे तिला कोणी नेत नसे. त्या मंगळवारी बाकीचे सगळे दुसऱ्या कामात अडकले होते, म्हणून तिचा टीम लीड श्रीहर्ष तिला घेऊन शहरातल्या पीण्या या औद्योगिक भागात निघाला.

तिथे कृष्णमूर्तींच्या कारखान्यात गिअर बनत. ते तपासणारं मशीन संहिताच्या कंपनीच्या प्रोग्रामवर चालायचं, आणि सकाळपासून ते एकूण एक गिअर नापास करत होतं. कृष्णमूर्तींनी एक गिअर हाताने मोजून दाखवला. माप अगदी बरोबर होतं.

श्रीहर्षने चुका शोधणारा डिबगर लावून प्रोग्राम मध्येच थांबवला आणि एकेका नावावर माउस नेऊन त्यात प्रोग्रामने काय साठवलंय ते बघू लागला. दीड तास गेला. गिअरचा नंबर बरोबर दिसत होता, कोणत्या नंबरच्या गिअरचं माप किती, त्या यादीतही तोच होता, तरी प्रोग्रामला तो यादीत सापडत नव्हता, म्हणून गिअर नापास होत होता.

"मी बघू?" संहिताने विचारलं.

श्रीहर्ष जरा घुटमळला, मग खुर्चीवरून उठला.

पेनड्राइव्हवरून तिने आपलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चालू केलं. माउस तिच्या उपयोगाचा नव्हताच. ती थेट डिबगरच्या कमांड विंडोत गेली. तिथे प्रश्नचिन्ह टाकून नाव लिहिलं, की प्रोग्रामने त्या क्षणी त्या नावात काय धरून ठेवलंय ते समोर येतं. तिने गिअरचा नंबर विचारला. बी चोवीस. मग बाणाची की दाबत एकेक अक्षर ऐकलं. बी. दोन. चार. स्पेस.

तिने पुन्हा ऐकलं. तेच.

"सर, चारच्या पुढे एक स्पेस आहे."

"मला तर काही दिसत नाहीये."

"कोरी जागा ती, दिसणार कशी? पण ऐकू येते."

विचारल्यावर कळलं, मशीन गिअरचा नंबर पेट्यांवरच्या बारकोडवरून वाचायचं आणि आजपासून नवे बारकोड आले होते. स्पेस तिथूनच आली असणार, आणि तिच्यामुळे प्रोग्रामला हा नंबर यादीतल्यापेक्षा वेगळा वाटत असणार. खात्री करायला संहिताने कोडला हातही लावला नाही. कमांड विंडोतच नंबर बदलला, स्पेस काढून नुसतं बी चोवीस लिहिलं, एन्टर दाबलं आणि थांबलेला प्रोग्राम पुढे सोडला. मशीन घरघरलं आणि गिअर घरंगळत जाऊन पास झालेल्यांच्या ट्रेमध्ये खणकन पडला.

पुढे स्पेस आपोआप गाळणारी ओळ श्रीहर्षने तिच्याकडूनच लिहून घेतली. नापास झालेले सगळे गिअर पुन्हा लावले, तसे एकामागून एक पास होत गेले. कामगार हातातलं काम टाकून भोवती जमले.

आनंदाच्या भरात कृष्णमूर्तींनी श्रीहर्षला कन्नडमध्येच विचारलं, की यापुढे अडचण आली तर कोणाला बोलवायचं. त्याला कन्नड येत नव्हतं. तो काही बोलायच्या आत, निपाणीत कन्नड ऐकत वाढलेल्या संहितानेच उत्तर दिलं.

"नाने बरतीनी," ती म्हणाली. मीच येईन.