राजाला बरं नाही

प्रसन्नने काम्गाची बॅग डिकीत कोंबली आणि झाकण दाबून बसवलं. आयर्लंडातल्या लिमरिकचा पाऊस सकाळपासून नुसता पिरपिरत होता, मेला धड पडतही नव्हता. प्रसन्न नागपूरचा, काम्गा कॅमेरूनच्या डोंगरातला, बामिलेके जमातीचा. एकाच ऑफिसात समोरासमोर बसून, या हवेला शिव्या घालता घालता दोघांची गट्टी जमली होती.

"काय राजपुत्र, रथ काढू का?" प्रसन्नने नेहमीची थट्टा केली. काम्गाचे वडील खरोखरच त्यांच्याकडचे फो, म्हणजे राजे होते.

काम्गा हसला नाही.

थट्टा करायला प्रसन्नला तरी कुठे उत्साह होता? सकाळीच दादाचा फोन येऊन गेला होता. बाबांना जरा बरं नाही, येऊन जा. नाताळची तिकिटं काढलीच आहेत, असं सांगून त्याने स्वतःची समजूत घातली होती.

गाडी डब्लिन एअरपोर्टच्या रस्त्याला लागली तरी काम्गा खिडकीबाहेरच बघत होता. शेवटी प्रसन्नलाच राहवेना.

"अरे बाबा, तोंड का पाडून बसलास? वडिलांना बरं नाही एवढंच कळवलंय ना? जा, जवळ बस त्यांच्या. बरे होतील."

"ते गेलेत, प्रसन्न."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. राजा मेला असं आमच्याकडे बोलत नाहीत. बेपत्ता झाला म्हणतात. आणि लांबच्या मुलांना फक्त, बरं नाही, ये."

मग तो सावकाश बोलत राहिला. त्यांचा मूळपुरुष शिकारी. उत्तरेकडून, टिकार लोकांच्या मुलखातून नदी ओलांडून आलेला. त्याच्यापासूनच्या सगळ्या राजांच्या कवट्या एका घरात जपून ठेवल्यात. नव्या राजाने आधी त्यांच्यापुढे बसायचं. नवा कोण, हे जुना राजा मोजक्या सरदारांच्याच कानात सांगून जातो. राजाची मुलं अंगणात जमली की सरदार गर्दीत शिरतात आणि एकाला धरतात.

"आणि तुलाच धरलं तर?"

"तर सुटका नाही. बायको, मुलगी इथे, मी तिथे." काम्गाने काचेवरची वाफ पुसली. "त्याचं पुढे बघू. काल म्हटलं, बाबांना फोन द्या. भाऊ म्हणाला, झोपलेत. दुपारी पुन्हा केला, तेव्हाही झोपलेत. तेव्हाच कळलं."

प्रसन्नचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला. गाडी मंदावली, मागच्याने हॉर्न दिला.

बाबांना दे फोन, असं सकाळी त्यानेही म्हटलं होतं. आत्ताच डोळा लागलाय, दादा म्हणाला होता. मागे घरात बरीच माणसं बोलत होती. आणि नाताळात येतो म्हटल्यावर दादाने वाद घातला नाही. एरवी किती घालतो!

एअरपोर्टला गाडी थांबली. काम्गाने दाराला हात लावला, पण प्रसन्न फोन कानाशी धरून बसलेला पाहून तो तसाच थांबला.

"दादा," प्रसन्न म्हणाला, "बाबांना उठव ना जरा."



"निघाला का तू?" दादाने विचारलं.