जाळी काढण्याचा मान

हेमंतातल्या उतरत्या उन्हात माझे वडील, तात्या, ओट्यावर बसत तेव्हा त्यांच्या अंगाला पाकाचा जळकट-गोड दरवळ येई. जणू साऱ्या गळीत हंगामाची ऊब त्या सावळ्या देहात मुरून राहिली होती. उजवी बाही मात्र कोपराखाली रिकामी. वाऱ्यावर ती हलली की आई नजर वळवी.

इंदापूरकडच्या साखर कारखान्यात पहिली मोळी टाकण्याआधी चरकाची पूजा होई. दातेरी चाकांवरची लोखंडी जाळी उतरवून त्यांना हळदकुंकू लावण्याचा मान सर्वांत जुन्या कामगाराचा. त्या वर्षी तो तात्यांचा होता. साहेब हात जोडून उभे होते. नारळ फुटला, कुणीतरी घाईने यंत्र सुरू केले. कुंकवाचे बोट अजून चाकावरच होते.

घरातला पहिला पदवीधर मी. कायदा मी स्वतः वाचला होता. कामावर हात गेला तर भरपाई हा हक्क, भीक नव्हे. मेख एकच: कामगाराने आपल्या मनाने जाळी काढली असेल, तर काही नाही. आम्हाला ना शेत, ना दुसरा आधार. ती भरपाई म्हणजे तात्यांचे उरलेले आयुष्यच. चौकशीच्या आदल्या दिवशी मी विनवले, "तात्या, सायबाच्या देखत, त्यांच्याच हुकमानं काढली म्हणा. खरंच हाय की ते."

"हुकूम?" ते हसले. "मान काय हुकमानं मिळतो व्हय रं?"

बारामतीच्या कचेरीत अधिकाऱ्याने विचारले, "जाळी कोणी काढली?"

मावळतीपूर्वी माळ क्षणभर उजळावा तसा तात्यांचा चेहरा उजळला. "म्याच, सायेब. दुसऱ्या कुणाची हाय ती छाती?"

"कोणी सांगितलं होतं?"

"सांगाया कशाला लागतंय?"

अर्ज फेटाळला गेला. मी बोलायला उठलो, तर मला बसवले. बाहेर लिंबाखाली आई एवढेच म्हणाली, "आता त्यो मान धुऊन प्या."

त्यानंतर तात्यांचा आवाज आटलेल्या पाटासारखा झाला. डाव्या हाताने जेवायची लाज वाटून ते भिंतीकडे तोंड करून बसत; घास सांडे, पाठ थरथरे. त्या पाठीइतका करुण चेहरा मी दुसरा पाहिला नाही.

तात्या गेले. त्या भिंतीपाशी आम्ही कुणी अजून पाट मांडत नाही; माणसाच्या नसण्याची भरपाई कुठल्याच कचेरीत मागता येत नाही, ती आठवणीलाच, दर जेवणवेळी, थोडीथोडी भरावी लागते.