डबे नंतर, आधी भिंती

टक्.

एवढासाच आवाज. पण मित्रांनो, ज्या घरात तान्हं बाळ नुकतंच झोपलं आहे, त्या घरात एवढासा आवाजही ताट पडल्यासारखा वाजतो. आईनं पाळण्याची दोरी न सोडताच मान वळवली आणि ओठांवर बोट ठेवलं. जमिनीवर पालथ्या पडलेल्या मुलीनं बटणावरचं बोट उचललं आणि ते तोंडात घातलं.

तो आवाज माझा होता. मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. हल्लीच्या कॅल्क्युलेटरांची बटणं मुकी असतात. माझी बोलतात. त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही. एका बाईनं माझ्या पाठीला स्क्रू बसवले, पदरानं पुसावं तसं मायेनं पुसलं आणि खोक्यात घातलं. खोक्यात अंधार होता, आणि अंधारात मला काही सुचत नाही. माझ्या कपाळावर एक काळी पट्टी आहे. तिच्यावर उजेड पडला की माझ्यात जीव येतो. सावली पडली की आकडे विरतात, आणि पुन्हा उजेड आला तरी समोर नुसतं शून्य. तोवरची आकडेमोड गेली ती गेलीच. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

मला विकत घेतलं ते एका रंगाऱ्यानं. लोकांची घरं रंगवायचं त्याचं काम. एका खांद्यावर शिडी, दुसऱ्या हातात ब्रशांची बादली आणि शर्टाच्या खिशात मी. लोक दार उघडल्याउघडल्या विचारायचे, "किती डबे लागतील हो?" तो म्हणायचा, "डबे नंतर. आधी भिंती दाखवा." मग टेप लावून लांबी-उंची मोजायची, दारं-खिडक्या वजा करायच्या आणि राहिलेल्याला भागायचं. शेजारच्या घराला डबे कमी लागले म्हणून कुणी कुरकुरलं तर तो हसायचा. "त्यांचे डबे मोजलेत, भिंती मोजल्यात का?"

हिशेब झाला की तो डब्यात डोकावून स्वतःलाच विचारी, "एवढ्यात भागेल ना?" आणि संध्याकाळी हात धुताना म्हणे, "दमलो-भागलो बुवा." बघा मित्रांनो, भागायचं काम माझं, पण आपल्या भाषेनं त्या एका शब्दाला तीन-तीन नोकऱ्या लावल्या आहेत.

रंगाऱ्याची आणखी एक सवय होती. डबा तो कधी पार खरवडायचा नाही. तळाला थोडा रंग ठेवून झाकण ठोकायचा आणि डबा घरमालकाच्या माळ्यावर ठेवून यायचा. "उद्या कपाट सरकवताना भिंतीला ओरखडा उठला की हाच कामाला येतो," असं सांगायचा.

एकदा शिडीवरून आकाशी रंगाचा एक थेंब माझ्यावर पडला आणि नेमका शून्याच्या कडेत वाळला. तेव्हापासून माझं शून्य बोटानं दाबलं तर कधी कधी एकदाऐवजी दोनदा लागतं. नखाच्या टोकानं दाबलं तर शहाण्यासारखं वागतं. रंगारी म्हणायचा, "आमचं शून्य जरा हावरट आहे." पण त्यानं मला टाकलं मात्र नाही.

मग त्याचे गुडघे गेले. शिडी भिंतीला टेकली ती टेकलीच, आणि मी त्याच्या मुलीच्या घरी एका खणात जाऊन पडलो. शेजारी बोथट कात्री होती, संपलेले सेल होते, कुलूप हरवलेल्या किल्ल्या होत्या. सगळे एकमेकांना म्हणायचे, आज ना उद्या कुणीतरी काढेल. मी काहीच म्हणायचो नाही. खणात उजेड नव्हता.

एके दिवशी खण खर्रकन उघडला आणि एक चिमुकला हात आत आला. तो रंगाऱ्याच्या नातीचा.

ते ऑलिंपिकचे दिवस होते. घरातला टीव्ही आवाज बंद करून चालायचा. धावणारे धावत, टाळ्या वाजवणारे वाजवत, आणि सगळं कसं चिडीचूप, कारण पाळण्यात बाळ होतं. शाळेत बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ज्याच्या वाट्याला जो देश येईल, त्यानं त्याचा तक्ता करायचा आणि आपला देश का मोठा हे वर्गाला सांगायचं. आमच्या मुलीच्या वाट्याला एक बेट आलं. नकाशावर माशी बसली तर झाकलं जाईल एवढं. त्याचं पदक एक, तेही कांस्य. तिच्या बाकावरच्या मुलाला मात्र भलामोठा देश मिळाला होता आणि त्याची पदकं रोज वाढत होती.

"तुझा देश म्हणजे आमची गल्ली," तो म्हणाला होता. "ते पदकसुद्धा वाटेत सापडलं असेल!"

हे सगळं तिला आईला सांगायचं होतं. पण आईला सांगायचं म्हणजे आई रिकामी सापडायला हवी ना! बाळ यायच्या आधी आई सापडायची. तेव्हा तर 'बाळ' हे नावसुद्धा हिचंच होतं. 'बाळ, ये.' 'बाळ, दूध पी.' पाळणा आला त्या दिवशी ते नाव आपलं आपण उठून पाळण्यात जाऊन झोपलं, आणि हिच्या अंगावर 'ताई' हे नाव चढवलं गेलं, मोठ्या मापाच्या स्वेटरसारखं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. म्हणून तर तिला कुणाकडे तक्रारही करता येत नव्हती.

त्या दुपारी रंगारी आजोबा नातवाला बघायला आले होते. खिडकीशी खुर्चीत बसून त्यांनी नातीचं सगळं ऐकून घेतलं.

"पदकं म्हणजे डबे," ते म्हणाले. "भिंती मोजल्यास का?"

"देशाला कसल्या भिंती, आजोबा?"

"माणसं गं! एका पदकामागे माणसं किती, ते काढ. आपलं यंत्र आहे ना त्या खणात?"

म्हणून मी बाहेर आलो होतो. म्हणून ते टक् झालं होतं.

आई कुजबुजत सांगू लागली. एक हात दोरीवर, डोळे मुलीच्या कागदावर. "कोटीवर शून्यं सात. हं, लिही. आता भागिले पदकं..." तेवढ्यात बाळ रडलं. आई उठली, त्याला खांद्यावर घेतलं आणि उजेड डोळ्यांवर येतो म्हणून पडदा ओढला. माझे आकडे विरले.

"आई, गेलं सगळं."

"पुन्हा कर हं. हा झोपला की येतेच."

बाळ झोपलं. पडदा उघडला. गणित सुरू झालं. बाळ उठलं. पडदा लागला. गणित गेलं. पुन्हा तेच. मित्रांनो, एका खोलीत एकाला उजेड लागतो आणि एकाला अंधार, आणि पडद्याची दोरी एकाच बाईच्या हातात. काय करील ती?

शेवटी मुलीनंच पडद्याची कड बोटभर सरकवली. उजेडाची एक पट्टी आत आली. ती माझ्या कपाळावर पडली, मला आनंद झाला, पण ती तिथे थांबली नाही. थेट बाळाच्या पापण्यांवर गेली. त्यानं भोकाड पसरलं.

"अगं, आत्ता कुठे डोळा लागला होता त्याचा!" आईचा आवाज चढला. "एवढी मोठी ताई झालीस, कळत नाही तुला?"

"मी नाही मोठी झाले," मुलगी म्हणाली. "तो आला आणि तुम्ही मला मोठं केलंत."

बाळ रडतच होतं. आईनं त्याला उचललं. तिचे केस सुटले होते आणि स्वयंपाकघरात तिचं ताट सकाळपासून झाकलेलं होतं.

"बाळ, जेवलीस का तू?" आजोबांनी विचारलं.

मुलीनं आधी पाळण्याकडे पाहिलं. मग स्वतःकडे. मग तिच्या लक्षात आलं की आजोबा आईकडे बघत आहेत.

"आजोबा, तुम्ही आईला बाळ म्हणालात?"

"मग काय म्हणू? माझं बाळ तेच आहे."

"एवढं मोठं?"

"रंग जुना झाला म्हणून भिंत दुसऱ्याची होते का गं?" आजोबांनी हात पुढे केले. "आण त्याला इकडे. मी बसतो बाहेर गॅलरीत घेऊन. रडू दे खुशाल, मला कमीच ऐकू येतं. तू आधी दोन घास खा, आणि हिच्याजवळ बस."

आई ताट घेऊनच जमिनीवर बसली. डाव्या हातानं तिनं पडदा पुरता उघडला आणि खोलीभर ऊन आलं. मी इतका लख्ख क्वचितच झालो असेन. मोठ्या देशाचं गणित या वेळी सुटलं. एका पदकामागे लाखो माणसं. मग आणखी एक मधला देश घेतला. त्याचं पाच लाखांना एक पदक. मग मुलीनं आपल्या बेटाची माणसं घातली, एकानं भागलं आणि तिचा चेहरा उतरला.

"सात लाख. म्हणजे इथेही मी मागेच."

आईनं घास हातातच धरला. "सात लाख? अगं, त्या बेटावर सात लाख माणसं उभी राहिली तर अर्धी समुद्रात पडतील! शून्य कसं दाबलंस?"

"बोटानं."

"नखानं दाब. तुझ्या आजोबांसारखं."

मुलीनं नखानं दाबलं. सत्तर हजार. एका पदकामागे फक्त सत्तर हजार माणसं! काढलेल्या सगळ्या देशांत तिचं बेट पहिलं आलं होतं. ती ओरडणार होती, पण सवयीनं तोंडावर हात गेला. आईनं तो हात बाजूला केला.

"ओरड गं. आज तो बाहेर आहे."

ती ओरडली. गॅलरीतून बाळानं साथ दिली.

संध्याकाळी कामावरून आलेल्या बाबांनी तक्ता बघून कान खाजवला. "पण काय गं, एका शर्यतीत एका देशाची मोजकीच माणसं पळू शकतात. मग मोठ्या देशानं काय करायचं? सगळी कोटी-कोटी माणसं काही मैदानात उतरवता येत नाहीत. पदकामागे माणसं मोजायची म्हणजे त्याच्यावर अन्यायच की!" मुलगी जेवताना त्याचा विचार करत राहिली. मग तिनं दोन तक्ते केले. एक नुसत्या पदकांचा, एक पदकामागच्या माणसांचा. दोन्हींत पहिले वेगळे होते.

दुसऱ्या दिवशी मी दप्तरातून शाळेत गेलो. बाकावरच्या मुलाला काही हे पटेना. "आण ते यंत्र," म्हणत त्यानं स्वतःच्या देशाची माणसं अंगठ्यानं दणादण दाबली. माझं हावरट शून्य लागलंच दोनदा. त्याचा देश एकदम दहापट झाला आणि तक्त्यात पार तळाला गेला. वर्ग खो खो हसू लागला. आमच्या मुलीनं नुसतं गप्प बसायचं, की जिंकलीच होती ती. पण तिनं हात वर केला.

"बाई, ते शून्य जास्तीचं आहे. आमचं यंत्र तसंच आहे. नखानं दाबावं लागतं."

त्यानं नखानं दाबलं. देश थोडा वर आला. फार नाही, पण आला. "बरं," तो म्हणाला, "तुझं बेट आमच्या गल्लीपेक्षा मोठं आहे." बाईंनी दोन्ही तक्ते भिंतीवर शेजारी शेजारी लावले.

तर मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. कोण पहिलं हे विचारण्याआधी कितीजणांत पहिलं हेही विचारत जा. एकदा भागलं म्हणजे खरं कळलंच असंही समजू नका. आणि तुमच्या घरी कुठल्या खणात माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर त्याला टाकून देण्याआधी एकदा खिडकीशी नेऊन ठेवा. खोड असेल त्याला. खोड ओळखून वागवलं, की आम्ही खोटं बोलत नाही.

माझी हकिगत इथे संपायला हरकत नव्हती. पण त्या दिवशी शाळेतून आल्यावर जे झालं, ते सांगायचं राहिलंय.

आई भिंतीला टेकून बसली होती. बाळ मांडीवर झोपलं होतं. मुलीनं वर्गातलं सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात, आणि आईनं सगळं ऐकलं. मग आई डोळे मिटून म्हणाली, "दमले-भागले गं आज."

"कितीने?"

"काय कितीने?"

"भागलीस?"

आईला हसू आलं. बाळ उठू नये म्हणून ती पोटातल्या पोटात हसली. मुलीनं मला दप्तरातून काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. एक. भागिले. दोन. बरोबर. टक्, टक्, टक्, टक्. माझ्या काचेवर शून्य पूर्णांक पाच उमटलं.

"अर्धी मला, अर्धी त्याला," ती म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता. भिंतीवरचा तक्ता वाचावा तसं ती वाचत होती. मग पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं, काहीतरी राहून गेलंय अशा नजरेनं. आईनं मोकळ्या हातानं तिला जवळ ओढलं. आईची सावली माझ्या कपाळावर पडली आणि आकडा विरून गेला.

त्या सावलीत मुलीनं मान वर करून विचारलं, "आई, आजोबा डब्याच्या तळाला थोडा रंग ठेवतात ना... तू ठेवलायस का गं थोडा, तुझ्यासाठी?"